खिशातली साखर : फ्रेडरिक बँटिंग आणि इन्सुलिनची दुसरी बाजू

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे निधन झाले. टिळकांना अनेक वर्षे मधुमेह होता. त्या काळी मधुमेहावर कडक पथ्य हा एकच उपचार होता. मोठ्या वयात मधुमेह झालेले लोक पथ्य पाळून वर्षानुवर्षे काढत. लहान मुलांना तो झाला तर मात्र ती मुले वर्ष-दोन वर्षांत सुकून जात. टिळकांच्या निधनानंतर सुमारे तीन महिन्यांनी, ३१ ऑक्टोबर १९२० च्या पहाटे, कॅनडातल्या लंडन नावाच्या गावात एका तरुण सर्जनला झोप येत नव्हती. तो उठला आणि त्याने वहीत एका प्रयोगाची कल्पना चार ओळींत लिहून ठेवली. घाईत त्याने मधुमेहाचे इंग्रजी स्पेलिंगही चुकवले. त्या सर्जनचे नाव फ्रेडरिक बँटिंग. या चार ओळींतून पुढे इन्सुलिन जगाला मिळाले.

बँटिंग यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ चा, कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात ॲलिस्टन गावाजवळच्या शेतकरी कुटुंबातला. पाच भावंडांत ते शेंडेफळ. अभ्यासात ते फार चमकदार नव्हते, पण पट्टीचे कष्टाळू होते. टोरांटो विद्यापीठातून १९१६ मध्ये डॉक्टर होताच ते पहिल्या महायुद्धात सैन्याच्या वैद्यकीय पथकात गेले. १९१८ मध्ये फ्रान्समधल्या कांब्रे इथे तोफगोळ्याचा तुकडा लागून त्यांचा उजवा हात जखमी झाला, तरी ते जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले. त्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळाले.

युद्धानंतर मात्र दिवस कठीण आले. जुलै १९२० मध्ये त्यांनी लंडन गावात दवाखाना थाटला. पहिल्या महिन्याची कमाई चार डॉलर झाली. पोटासाठी ते तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अर्धवेळ शिकवू लागले. अशाच एका तासाची तयारी करताना स्वादुपिंडावरचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. स्वादुपिंडाची नळी खड्याने बंद झाली की पाचक रस तयार करणाऱ्या पेशी मरतात, पण मधली बेटांसारखी दिसणारी पेशींची पुंजके शाबूत राहतात, असे त्यात म्हटले होते. साखर काबूत ठेवणारा पदार्थ याच बेटांत असावा, हा अंदाज जुना होता. तो पदार्थ कोणाला नीट वेगळा काढता आला नव्हता. पाचक रसच त्याचा नाश करत असेल, तर आधी नळी बांधून त्या पेशी मरू द्याव्यात आणि मग उरलेल्या बेटांचा अर्क काढावा, असे बँटिंग यांना सुचले.

ही कल्पना घेऊन ते टोरांटोला प्रा. मॅक्लिओड यांच्याकडे गेले. मॅक्लिओड या विषयातले जाणकार होते. समोरच्या तरुणाचा अभ्यास तोकडा आहे, हे त्यांनी ओळखले, तरीही प्रयोगशाळा, कुत्री आणि मदतीला चार्ल्स बेस्ट नावाचा २२ वर्षांचा विद्यार्थी दिला. १७ मे १९२१ रोजी काम सुरू झाले. उन्हाळ्याच्या अखेरीस स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांची वाढलेली साखर अर्कामुळे उतरत असल्याचे दिसू लागले. पुढे लक्षात आले की नळी बांधण्याचीही गरज नाही. गुरांच्या स्वादुपिंडातून अल्कोहोलच्या साहाय्याने थेट अर्क काढता येतो. डिसेंबरमध्ये जेम्स कॉलिप हे जीवरसायनशास्त्रज्ञ या गटात आले आणि अर्क शुद्ध करायच्या कामाला लागले.

यानंतरचा प्रसंग आज इंजेक्शनचे कोणतेही औषध घेणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावा असा आहे.

टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाचा १४ वर्षांचा मुलगा मरणपंथाला लागला होता. त्याचे वजन जेमतेम ३० किलो उरले होते. पहिला मानवी प्रयोग आपल्याच अर्काचा व्हावा, असा बँटिंग यांचा आग्रह होता. कॉलिप पुढे निघून जातील, अशी धास्ती त्यांना वाटत होती. ११ जानेवारी १९२२ रोजी बँटिंग आणि बेस्ट यांनी बनवलेला तपकिरी, गढूळ अर्क लिओनार्डच्या दोन्ही कुल्ल्यांत टोचला गेला. एकूण १५ मिलिलिटर. रक्तातली साखर ४४० वरून ३२० पर्यंत उतरली, पण मुलाच्या प्रकृतीत फरक पडला नाही. उलट सुई टोचलेल्या एका जागी गळू झाले. डॉक्टरांनी उपचार तिथेच थांबवला.

त्या गळूत जंतू नव्हते. अर्कातल्या अनावश्यक प्रथिनांमुळे आणि इतर अशुद्धीमुळे तिथली पेशीजाले चिडली होती. म्हणजे दोष इन्सुलिनचा नव्हता, त्याच्यासोबत बाटलीत जे काही आले होते त्याचा होता. इंजेक्शनच्या दुष्परिणामांचा विचार करताना हा फरक पहिल्यांदा करावा लागतो. काही त्रास औषधाच्या गुणातूनच येतात, तर काही औषधाबरोबर आलेल्या मळातून, चुकीच्या साठवणीतून किंवा चुकीच्या टोचण्यातून. दोन्हींवरचा उपाय वेगळा असतो. त्या दिवशी सगळा दोष इन्सुलिनच्या माथी मारून काम बंद केले असते, तर लिओनार्डसारखी कितीतरी मुले गेली असती.

पुढच्या बारा दिवसांत कॉलिप यांनी अल्कोहोलचे प्रमाण बदलत बदलत अर्क बराच शुद्ध केला. ही कृती सांगायची की नाही, यावरून त्यांच्यात आणि बँटिंग यांच्यात हातघाईपर्यंत प्रकरण गेले. तरी काम थांबले नाही. २३ जानेवारी १९२२ पासून लिओनार्डला नवा अर्क देऊ लागले. साखर ५२० वरून १२० वर आली आणि लघवीतले कीटोन गेले. मुलगा उठून बसला. त्यानंतर तो १३ वर्षे जगला आणि १९३५ मध्ये न्यूमोनियाने गेला.

गळूचा प्रश्न सुटतो न सुटतो तोच औषधाच्या गुणातूनच येणारा दुष्परिणाम समोर उभा राहिला. कॉलिप अर्काची ताकद निरोगी सशांवर तपासत. डोस जास्त झाला की ससे बेचैन होत, त्यांना झटके येत आणि ते निपचित पडत. ग्लुकोज टोचले की तेच ससे काही मिनिटांत टुणकन उठत. इन्सुलिन साखर उतरवते, पण कुठे थांबायचे हे त्याला कळत नाही, हे या सशांनी दाखवले. थोड्याच दिवसांत माणसांतही तेच दिसले. टोरांटोच्या कॅम्पबेल आणि फ्लेचर या डॉक्टरांनी रुग्णांतल्या या लक्षणांची नीट नोंद केली. अचानक लागणारी भूक, घाम, थरथर, छातीत धडधड, घाबरेपणा, मग बोलण्यातला गोंधळ आणि शेवटी बेशुद्धी, अशी ती मालिका होती. संत्र्याचा रस किंवा साखर हा त्यावरचा उतारा होता. इन्सुलिन घेणाऱ्याने खिशात गोड ठेवावे, हा नियम औषधाइतकाच जुना आहे.

धोका वाढण्याचे आणखी एक कारण होते. सुरुवातीच्या इन्सुलिनची प्रत्येक खेप वेगळ्या ताकदीची निघे. आज जेवढ्या थेंबांनी काम भागे, तेवढेच उद्या झटके आणत किंवा काहीच करत नसत. बँटिंग यांचे वर्गमित्र डॉ. जो गिलख्रिस्ट स्वतः मधुमेही होते. त्यांनी इन्सुलिन घेतले आणि पुढे माजी सैनिकांच्या रुग्णालयातल्या मधुमेह विभागात बँटिंग यांच्याबरोबर काम केले. नव्या खेपेचा परिणाम ते आधी स्वतःवर पाहत. साखर उतरल्यावर शरीरात आणि मनात काय होते, हे ते रुग्ण म्हणून आणि डॉक्टर म्हणूनही सांगू शकत होते.

१९२२ च्या वसंतात तर मोठ्या प्रमाणावर बनवताना अर्क साधेनासाच झाला आणि नवे रुग्ण घेणे थांबवावे लागले. अमेरिकेतल्या एलाय लिली कंपनीची मदत घेतली गेली. त्या वर्षाच्या उत्तरार्धात कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज वॉल्डन यांनी आम्लतेचे प्रमाण नेमके साधून इन्सुलिनचा साका खाली बसवण्याची रीत शोधली. त्यामुळे औषध कितीतरी पट शुद्ध झाले आणि दर खेपेला सारखे मिळू लागले. ठरावीक वजनाच्या उपाशी सशाची साखर ठरावीक पातळीपर्यंत उतरवणारी मात्रा म्हणजे एक युनिट, असे माप आधीच आखले गेले होते. इन्सुलिन आजही मिलिग्रॅममध्ये न मोजता युनिटमध्ये मोजतात, त्यामागे हा इतिहास आहे.

ऑगस्ट १९२२ मध्ये एलिझाबेथ ह्यूजेस ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी बँटिंग यांच्याकडे आली. पंधरा वर्षे पुरी व्हायला तिला काही दिवस उरले होते. तीन वर्षांच्या उपासमारीच्या पथ्याने तिचे वजन २० किलोच्या आसपास आले होते. तेव्हाची इंजेक्शने आकाराने मोठी आणि चांगलीच दुखणारी होती. सुई बोथट व्हायची आणि तीच उकळून पुन्हा वापरावी लागायची. एलिझाबेथने ते सोसले आणि स्वतःच टोचून घ्यायला शिकली. पुढे ती पदवीधर झाली, तिचे लग्न झाले, तीन मुले झाली. १९८१ मध्ये वयाच्या ७३ व्या वर्षी ती गेली, तोवर तिने सुमारे ४२ हजार इंजेक्शने घेतली होती. दुष्परिणाम समजून घेतले आणि सांभाळले तर औषध आयुष्यभर साथ देते, याचे हे ठळक उदाहरण.

बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी इन्सुलिनचे पेटंट प्रत्येकी एका डॉलरला टोरांटो विद्यापीठाला देऊन टाकले. १९२३ चे नोबेल बँटिंग आणि मॅक्लिओड यांना मिळाले. बेस्ट यांना डावलल्याचा बँटिंग यांना इतका राग आला की त्यांनी आपल्या रकमेतला अर्धा वाटा बेस्ट यांना दिला. मॅक्लिओड यांनी आपला अर्धा वाटा कॉलिप यांना दिला. बँटिंग तापट होते, संशयी होते, रुसवे धरत. त्यांचे मूळ गृहीतकही पुरते बरोबर नव्हते. पण चुकीच्या वाटेवरून निघूनही समोर दिसलेला पुरावा त्यांनी सोडला नाही. पुढे त्यांनी कर्करोगावर आणि खाणकामगारांच्या फुप्फुसविकारावर काम केले, निसर्गचित्रे काढली, १९३४ मध्ये ते ‘सर’ झाले. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या आरोग्यावरच्या संशोधनाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्याच कामासाठी इंग्लंडला निघाले असता न्यू फाउंडलंडमध्ये त्यांचे विमान कोसळले आणि २१ फेब्रुवारी १९४१ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. त्यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो.

इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांची जोडसाखळी. अशा छोट्या साखळ्यांना पेप्टाइड म्हणतात. गिळले तर पोटातले रस त्यांना डाळीतल्या प्रथिनासारखेच पचवून टाकतात, म्हणून त्या सहसा टोचाव्या लागतात. बँटिंग यांच्या काळात अशी औषधे फार थोडी होती. आज मुलुंड-घाटकोपरच्या कोणत्याही मोठ्या औषध दुकानाच्या फ्रीजमध्ये अशा पेनांची रांग असते. इन्सुलिनचे कित्येक प्रकार, हाडांच्या ठिसूळपणावरचे टेरिपॅराटाइड, आणि अलीकडे वजन व साखर दोन्ही उतरवणारी लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड. औषधे बदलली, तरी दुष्परिणामांबद्दलचे धडे १९२२ सालचेच आहेत.

पहिला धडा साखर उतरण्याचा. मुंबईत त्याची एक खास अडचण आहे. अंधेरी-बोरिवलीच्या गर्दीच्या लोकलमध्ये घाम सगळ्यांनाच येतो. त्यामुळे साखर उतरल्याचा घाम उकाड्याचा समजून सोडून दिला जातो. घामाबरोबर थरथर, भूक, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चिडचिड असेल, तर साखर ७० च्या खाली गेली असे धरून चालावे आणि शक्य असेल तर तपासावे. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून लगेच घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा साखर पाहावी, तरी कमी असेल तर तेवढेच पुन्हा घ्यावे. बरे वाटल्यावर पोळी-भाजी किंवा बिस्किटे खावीत. पेढा, लाडू, चॉकलेट यांतल्या तुपामुळे आणि चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते, त्यामुळे अशा वेळी त्यांच्या भरवशावर राहू नये. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या चालू असतील, तर साध्या साखरेचा परिणामही उशिरा होतो. त्यांनी ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा.

एकादशी, संकष्टी, नवरात्र किंवा रोजे यांच्या दिवशी नेहमीचाच डोस घेऊन उपाशी राहणे, हे साखर उतरण्याचे नेहमीचे कारण आहे. उपासाच्या आधी डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. मूत्रपिंड कमजोर झाले की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते. म्हणून वर्षानुवर्षे चाललेला डोस अचानक जास्त ठरू शकतो.

दुसरा धडा मापाचा. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या मुख्यतः एका मिलिलिटरला ४० युनिट ताकदीच्या असतात, तर पेनमधले औषध १०० युनिट ताकदीचे. पेनच्या काडतुसातले औषध ४० च्या सिरिंजने ओढले, तर सिरिंजवरच्या आकड्याच्या अडीच पट डोस जातो. लाल टोपीची सिरिंज ४० ची आणि नारिंगी टोपीची १०० ची, हे घरातल्या सर्वांना माहीत हवे.

तिसरा धडा टोचण्याच्या जागेचा. पूर्वीच्या अशुद्ध इन्सुलिनने कातडीखाली खळगे पडत. आता खळगे क्वचितच दिसतात. पण सवयीने एकाच जागी टोचत राहिले की तिथे चरबीची गाठ होते. ती दुखत नाही, म्हणून रुग्णाला तीच जागा आवडू लागते. गाठीत टोचलेले औषध कधी उशिरा शोषले जाते, तर कधी एकदम. साखर विनाकारण वरखाली होत असेल, तर पोटावरून हात फिरवून अशी गाठ आहे का ते पाहावे, जागा रोज दोन बोटे सरकवावी आणि सुई बदलावी. गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागल्यावर तोच डोस जास्त पडू शकतो, म्हणून आधी डॉक्टरांशी बोलावे.

चौथा धडा साठवणीचा. न उघडलेले पेन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. वापरात असलेले इन्सुलिन घरात सावलीच्या थंड जागी साधारण चार आठवडे टिकते. एप्रिल-मेमध्ये फ्रीज नसेल तर ओल्या मडक्यात कोरड्या डब्यात ठेवणे चालते. उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत ठेवलेले औषध मात्र वाया गेले असे समजावे.

वजनाच्या नव्या पेनांचे दुष्परिणाम वेगळे आहेत. ही औषधे पोट रिकामे होण्याचा वेग मंदावतात. त्यामुळे मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ किंवा जुलाब होतात, विशेषतः डोस वाढवल्यावर. म्हणूनच डोस हळूहळू चढवायचा असतो. ताटात थोडे वाढून घ्यावे, सावकाश जेवावे, तळलेले टाळावे आणि पाणी पुरेसे प्यावे. बहुतेकांना काही आठवड्यांत बरे वाटते. पोटात वरच्या बाजूला पाठीपर्यंत जाणारी सतत तीव्र कळ आली किंवा उलट्या थांबेनाशा झाल्या, तर औषध थांबवून लगेच रुग्णालय गाठावे. तो स्वादुपिंडाचा दाह किंवा पित्ताशयाचा विकार असू शकतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना या औषधाची कल्पना आधीच द्यावी. ही पेने एकटी क्वचितच साखर फार उतरवतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या जोडीला असतील तर मात्र खिशात साखर हवीच.

आणि लिओनार्डच्या गळूचा धडा सर्वांत शेवटी, कारण तो आज नव्याने गिरवावा लागतो आहे. व्यायामशाळांतून आणि ओळखीपाळखीतून वजन घटवणाऱ्या किंवा स्नायू फुगवणाऱ्या पेप्टाइडच्या बाटल्या हातोहात फिरतात. त्यात औषध किती, मळ किती आणि जंतू किती, हे कोणालाच माहीत नसते. १९२२ मध्ये अशुद्ध अर्क टोचण्यामागे एका मुलाला मरणातून ओढून काढण्याची निकड होती. आज शुद्ध, मोजलेले औषध चिठ्ठीवर मिळत असताना अशी बाटली टोचून घ्यायला तसे एकही कारण उरलेले नाही.

कोणत्याही इंजेक्शनने अनपेक्षित त्रास झाला तर त्याची नोंद व्हावी, यासाठी १८००-१८०-३०२४ हा केंद्र सरकारच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक आहे. रुग्ण स्वतःही तिथे कळवू शकतो. त्या बारा दिवसांत टोरांटोच्या मंडळींनीही त्रासाची नोंद केली, कारण शोधले आणि औषध सुधारले. लिओनार्डला त्यामुळे १३ वर्षे मिळाली, एलिझाबेथला ५८.